काम रखडलं, मुदतवाढ कुणाच्या खात्यावर?

पावसाळा संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार ठरलेली असते: ठरल्या तारखेला काम झालं नाही. या वेळी घरमालक, ठेकेदार, फ्लॅट घेतलेले आणि सोसायटीवाले अशा सगळ्यांचीच पत्रं एकदम आली, म्हणून हा अंक याच विषयाला दिला आहे. यांतलं एकही कारण खोटं वाटत नाही. अडचण अशी की कारण खरं असणं वेगळं आणि त्या कारणाने मुदत वाढवून मिळणं वेगळं.

प्रश्न : तळमजला अधिक एक मजला, दोन्ही मिळून साधारण २,००० चौरस फुटांचं घर बांधतो आहे. ठेकेदाराशी लेखी करार आहे, मुदत १० महिने. आता पंधरावा महिना चालू आहे आणि अजून आतलं प्लास्टर अर्धं बाकी. कधी पाऊस, कधी वाळू, कधी 'माणसं गावाला गेली'. नेमके कुठे किती दिवस लागायला हवेत? उशिराचे पैसे बिलातून कापता येतील का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : हिशेब स्लॅबपासून मांडू, कारण वेळ तिथेच मोजता येतो. हजार चौरस फुटांचा ५ इंची स्लॅब म्हणजे बीम धरून सोळा-सतरा घनमीटर काँक्रीट. एम-२० (काँक्रीटच्या ताकदीचा एक दर्जा) मिश्रण धरलं तर सुमारे १३० पोती सिमेंट. ओतायला एक दिवस पुरतो. त्याआधी सेंट्रिंगला (काँक्रीट ओतायचा साचा उभारायला) सहा ते आठ दिवस, सळई बांधायला तीन-चार, विजेचे पाइप आणि फॅनबॉक्स टाकायला एक. त्यानंतर येतो टेकू ठेवण्याचा काळ, आणि घरमालकांची चिडचिड सगळ्यात जास्त याच काळात होते. आयएस ४५६ (२०००) या मानकानुसार स्लॅबच्या दोन आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू ७ दिवस, त्याहून जास्त असेल तर १४ दिवस ठेवायचे. बीमखालचे टेकू ६ मीटरपर्यंत १४ दिवस आणि पुढे २१ दिवस. हे आकडे ओपीसी म्हणजे साध्या पोर्टलँड सिमेंटचे आहेत. आपल्याकडे घरांना बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) वापरतात, ते ताकद सावकाश धरतं. त्यामुळे तुमच्या ठेकेदाराने तीन आठवडे टेकू काढले नसतील तर तो आळस नव्हे. उलट दहाव्या दिवशी बीमखालचे टेकू ओढणारा दिसला, तर त्याला थांबवा.

म्हणजे एका स्लॅबचं चक्र चार ते पाच आठवड्यांचं, दोन स्लॅबचे फार तर दहा आठवडे. पायापासून जोत्यापर्यंत पाच-सहा आठवडे. वीटकामात भिंत एका दिवसात दीड मीटरहून जास्त चढवायची नसते, तरी दोन मजल्यांचं वीटकाम दोन महिन्यांत बसतं. मग प्लास्टर, त्याला किमान ७ दिवस पाणी, फरशी, रंग. भिंती वाळायला साधारण चार आठवडे द्यावे लागतात, नाहीतर पुट्टी पापुद्र्याने सुटते. एवढं धरूनही १० महिने अवघड नाहीत. तुमचे पाच महिने या कामांत गेलेले नाहीत, दोन कामांच्या मधल्या रिकाम्या जागेत गेले आहेत.

या रिकाम्या जागा बहुधा दोनच ठिकाणी सापडतात. पहिली ठेकेदाराच्या प्लेटांमध्ये. ३ बाय २ फुटांची सेंट्रिंग प्लेट धरली तर हजार फुटांना १६५ ते १७० प्लेटा लागतात. छोट्या ठेकेदाराकडे तेवढा एकच संच असतो आणि तीच माणसं, त्याच प्लेटा तीन साइटवर फिरत असतात. खूण सोपी आहे. कॉलम भरून झालेत, सळई येऊन पडली आहे, आणि दोन-दोन आठवडे सेंट्रिंगचा पत्ता नाही, असं झालं असेल तर तुमच्या स्लॅबच्या प्लेटा तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी स्लॅबखाली होत्या. याला पाऊस जबाबदार नाही.

दुसरी जागा तुमच्या घरात आहे, आणि ती सांगायला थोडा संकोच वाटतो. खिडकीचंच उदाहरण घ्या. खिडकीच्या भोकात आधी ग्रॅनाइटची चौकट बसते. ती बसल्यावर अॅल्युमिनियमवाला माप घेतो आणि तिच्या कडेला धरूनच आतलं प्लास्टर संपवलं जातं. ग्रॅनाइट काळा की तपकिरी हे घरात महिनाभर ठरलं नाही, तर तेवढा महिना प्रत्येक खिडकीभोवती वीतभर प्लास्टर उघडं राहतं. गवंडी त्या वीतभरासाठी परत यायला तयार नसतो आणि त्याच्यामागे पुट्टी, रंग, खिडक्या सगळं ताटकळतं. तीच गत इतर निर्णयांची. शौचालयाचं भांडं कोणतं हे स्लॅबच्या आधी ठरायला हवं, कारण त्यावर स्लॅब किती खाली घ्यायचा हे ठरतं. पंख्यांची आणि दिव्यांची जागाही तेव्हाच. दारांच्या चौकटी वीटकामाच्या आधी साइटवर हव्यात. विजेचे बोर्ड कुठे, हे भिंतीत झिऱ्या मारण्याआधी. प्लास्टर झाल्यावर 'इथे एक प्लग हवा होता' असं म्हटलं की अर्धा दिवस तोडायला आणि आठवडा दुरुस्तीला जातो.

आता पैसे कापण्याचं. करारात दर आठवड्याच्या उशिराला अमुक रक्कम असं लिहिलेलं असेल, तर भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ती कमाल मर्यादा असते. वाजवी भरपाई त्याच्या आतच मिळते. त्याहून महत्त्वाचं कलम ५५. मुदत उलटल्यावर तुम्ही गुपचूप काम पुढे चालू दिलंत आणि उशिराने झालेलं काम स्वीकारलंत, तर नंतर भरपाई मागताना 'तेव्हा का बोलला नाहीत?' हा प्रश्न येतो. म्हणून आजच लेखी कळवा: मुदत अमुक तारखेला संपली, काम पुढे करू देतो आहे, पण उशिराच्या भरपाईचा हक्क राखून. व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि स्पीड पोस्टानेही. त्याच कागदावर, तुमच्यामुळे गेलेले दिवस त्याला प्रामाणिकपणे वाढवून द्या. ते तुम्ही दिले नाहीत तर तो सगळेच दिवस तुमच्या खात्यावर टाकेल.

प्रश्न : मी छोटा नोंदणीकृत ठेकेदार आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाचा ग्रामीण रस्ता आणि तीन मोऱ्या असं काम, मुदत १२ महिने. मोऱ्यांचे नकाशे १ मार्च ते ३० एप्रिल मिळाले नाहीत. विजेचे खांब १० एप्रिल ते २५ मे हलवले नाहीत. शिवाय जून ते सप्टेंबर पाऊस. मी सगळे मिळून सात-आठ महिने मागावे म्हणतो. कार्यालय म्हणतं, शेवटी एकदम अर्ज करा. (एक वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर : शेवटी एकदम अर्ज हा सल्ला ऐकू नका. बी-१ आणि बी-२ या विभागाच्या ठरलेल्या निविदा-नमुन्यांच्या कलम ६ मध्ये मुदतवाढीचा अर्ज अडथळा आल्यापासून ३० दिवसांत किंवा मूळ मुदत संपण्याआधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा करायचा असतो. तुमच्या प्रतीतलं कलम एकदा वाचून घ्या. ज्याने शेवटी अर्ज करा म्हटलं तो अधिकारी तोवर बदलून गेलेला असतो, आणि नवा माणूस फक्त कागद बघतो.

दिवसांची बेरीज तशी होत नाही. नकाशांचे ६१ दिवस आणि खांबांचे ४६ मिळून १०७ दिसतात. पण १० ते ३० एप्रिल हे २१ दिवस दोन्हींत आहेत. ते एकदाच मोजायचे, म्हणजे उरले ८६. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अडथळा नोंदवहीत एकमेकांवर पडणाऱ्या दिवसांचा आणि भारांकाचा वेगळा रकाना असतो तो याचसाठी. भारांक म्हणजे त्या अडथळ्याने कामाचा किती भाग अडला. मोऱ्यांचे नकाशे नव्हते म्हणून सबंध रस्ता थांबला, असं कुणी मान्य करणार नाही. मात्र पहिल्या मोरीपलीकडे टिपर जायलाच वाट नव्हती आणि म्हणून पुढच्या लांबीत मुरूम पडला नाही, हे दाखवता आलं तर ती लांबी तुमच्या बाजूने मोजली जाते. साखळी क्रमांकासह (रस्त्याच्या सुरुवातीपासून कितव्या मीटरवर, ते) लिहा. 'काम अडले' एवढ्यावर कुणी सही करत नाही.

पावसाचं मात्र नीट समजून घ्या. निविदेच्या पहिल्या पानावर मुदतीपुढे 'पावसाळ्यासह' हे शब्द आहेत का ते बघा. बहुतेक निविदांत असतात. असतील तर नेहमीचा पावसाळा तुम्ही दर भरतानाच पत्करलेला आहे. मागता येतो तो नेहमीपेक्षा वेगळा पाऊस. कृषी विभाग महसूल मंडळानुसार रोजचा पाऊस नोंदवतो. तुमच्या मंडळाचे यंदाचे आणि मागच्या काही वर्षांचे आकडे शेजारी ठेवा, फरक दिसेल.

तरीही नुसते मिलिमीटर पुरत नाहीत. काळ्या मातीत रस्त्यासाठी खोदलेल्या पेटीत (उथळ चरात) एका रात्री ६० मिमी पडला आणि सकाळी लख्ख ऊन असलं, तर कार्यालय एक दिवस धरतं. प्रत्यक्षात आधी पंपाने पाणी काढा, वरचा चिखल खरवडून बाहेर टाका, खालची माती वाळू द्या, आणि मगच रोलर. ओलावा ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असला तर रोलर कितीही फिरवा, सबग्रेडला (रस्त्याखालच्या दाबलेल्या मातीच्या थराला) लागणारी ९७ टक्के घनता येत नाही. माती दबण्याऐवजी चाकापुढे लाटेसारखी हलते. एका पावसाचे असे चार-सहा दिवस सहज होतात, आणि त्याचा पुरावा तुमच्याच प्रयोगशाळेच्या वहीत आहे. रोज सकाळचा ओलाव्याचा आकडा लिहा, शेजारी रोलर उभा होता हे लिहा, शाखा अभियंत्याची सही घ्या. उलट त्याच दिवशी मोरीचं दगडी बांधकाम चालू होतं असं हजेरीपटात दिसलं, तर पूर्ण दिवस मागू नका. एक खोटा दिवस सापडला की उरलेल्या पन्नास खऱ्या दिवसांकडेही संशयाने बघतात.

शेवटचं, मुदतवाढीचा आदेश हातात आल्यावर पेढे वाटण्याआधी त्यातलं वाक्य वाचा. 'दंड न आकारता' आणि 'दंडाचा अधिकार राखून' यांत बिलाच्या मोठ्या रकमेचा फरक असतो. विभागामुळे गेलेल्या दिवसांवर भाववाढ हवी असेल तर ती अर्जातच मागा.

प्रश्न : आमच्या फ्लॅटच्या करारनाम्यात ताब्याची तारीख ३१ डिसेंबर होती. बिल्डरने ईमेल पाठवला की महारेराने (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने) प्रकल्पाला एक वर्ष मुदतवाढ दिली आहे, म्हणून व्याज देय नाही. कारण दिलं आहे: कोरोना आणि मजुरांची टंचाई. करारनामा २०२२ मधला आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोन वेगळ्या तारखा एकमेकांत मिसळल्या आहेत. महारेराच्या संकेतस्थळावर दिसते ती प्रकल्पनोंदणीची तारीख. ती वाढली म्हणजे बिल्डरला काम पुढे करायची मुभा मिळाली. तुमच्या करारनाम्यातली ताब्याची तारीख त्याने आपोआप बदलत नाही. रेरा कायद्याच्या कलम १८ मधलं व्याज करारनाम्यातल्या तारखेपासून मोजायचं असतं, आणि मुंबई उच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१७ च्या नीलकमल रिअल्टर्स निकालातही हा कायदा पक्षकारांचा करार नव्याने लिहीत नाही असं म्हटलं आहे.

कलम ६ मध्ये अपरिहार्य आपत्तीची यादी आहे: युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा निसर्गाने आणलेलं दुसरं संकट. मजुरांची टंचाई तिच्यात नाही, सिमेंटची भाववाढही नाही. बिल्डरची चूक नसेल आणि परिस्थिती वाजवी असेल तर प्राधिकरण एकूण एक वर्षापर्यंत वाढ देऊ शकतं, पण तो नोंदणीचा विषय झाला. महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात ताब्याची तारीख पुढे जायला युद्ध, नागरी अशांतता, दैवी आपत्ती आणि सरकार किंवा न्यायालयाचे आदेश, एवढीच कारणं आहेत. तुमचं हे कलम नमुन्याप्रमाणेच आहे की त्यात आणखी कारणं घुसवली आहेत, ते तपासा. कोरोनाचं म्हणाल तर महारेराने मे २०२० मध्ये त्या वेळी चालू असलेल्या प्रकल्पांना सहा महिने दिले होते. तुमचा करार २०२२ चा. सगळं डोळ्यांसमोर असताना ठरवलेल्या तारखेला आता तेच कारण चालायचं नाही.

व्याजाचा दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा पायाभूत व्याजदर) अधिक २ टक्के. समजा तो ११ टक्के धरला आणि तुम्ही आतापर्यंत ४८ लाख भरले असतील, तर महिन्याला ४४,००० रुपये होतात. प्रकल्पातच राहायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत दरमहा हे व्याज, बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत. मात्र तुमचे हप्ते वेळेवर गेले आहेत का ते आधी बघा. उशिरा भरले असतील तर व्याज तुम्हालाही लागतं. 'फर्निचरसाठी चावी घ्या' असा निरोप आला तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. ते नसेल तर त्याला ताबा म्हणत नाहीत. आणि मुदतवाढीसाठी संमतीपत्र सहीला आलं, तर खालच्या बारीक अक्षरात व्याजावरचा हक्क सोडल्याची ओळ नाही ना, ते बघूनच सही करा.

प्रश्न : सोसायटीच्या पुनर्विकासात ३६ महिने मुदत ठरली. आम्ही घरं सोडून ३० महिने झाले, पण विकासक म्हणतो त्याच्या हिशेबाने अजून १४ महिनेच झालेत! (सोसायटीच्या समितीचे सदस्य, मुलुंड)

उत्तर : त्याचा हिशेब बरोबर असू शकतो, हीच तर गंमत. विकास करारनाम्यात '३६ महिने' कुठून मोजायचे ते बघा. बहुधा 'पूर्ण सीसी मिळाल्यापासून' असं असेल. सीसी म्हणजे काम सुरू करायची परवानगी. मुंबईत ती टप्प्याटप्प्याने येते, आधी जोत्यापर्यंत, ते तपासल्यावर पुढे, मग वरचे मजले टीडीआर (विकत घेतलेला जादा बांधकामाचा हक्क) आणल्यावर किंवा प्रीमियम (जादा बांधकामाचं शुल्क) भरल्यावर. पैसे भरायला विकासकाने उशीर केला की 'पूर्ण सीसी' लांबते आणि तुमचं घड्याळ सुरूच होत नाही. ज्यांचे करार अजून व्हायचे आहेत त्यांनी मुदत शेवटच्या सदस्याने घर सोडल्यापासून, किंवा जोत्याच्या सीसीपासून लिहून घ्यावी. तुम्ही आता सीसीच्या प्रत्येक टप्प्याची तारीख आणि त्याआधीच्या शुल्काच्या मागणीपत्राची तारीख महापालिकेकडून माहितीच्या अधिकारात मागवा. मागणीपत्र आल्यावर सहा महिने पैसे भरले नसतील, तर ते सहा महिने कुणाचे यावर वाद राहणार नाही. घरभाडं मात्र मुदतीशी नाही, ताब्याशी बांधलेलं आहे ना, ते आधी बघा.

प्रश्न : अभ्यासक्रमात 'क्रिटिकल पाथ' आणि 'फ्लोट' शिकतो. एखादं काम लांबलं तरी प्रकल्प लांबत नाही म्हणजे काय? प्रत्यक्षातलं उदाहरण द्याल का? (स्थापत्य पदविकेचा विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : जी कामं लांबली की सगळा प्रकल्पच लांबतो, त्यांची साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. बाकीच्या कामांना प्रकल्प न लांबता जेवढा उशीर चालतो, तो फ्लोट. मुंबईची भुयारी मेट्रो-३ घ्या, कुलाबा ते सीप्झ, साडेतेहेतीस किलोमीटर. लोकांना वाटतं, शहराखाली बोगदा खणणं सगळ्यात अवघड, उशीर तिथेच झाला असणार. पण गाड्या उभ्या करायला, तपासायला कारशेड लागतं. त्याच्याशिवाय बोगदा पूर्ण असला तरी चाचणी नाही आणि चाचणीशिवाय प्रवासी नाहीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये आरेतल्या कारशेडला स्थगिती मिळाली, २०२० मध्ये ते कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला, तो न्यायालयात अडला, आणि जुलै २०२२ मध्ये पुन्हा आरे ठरलं. खोदकाम त्या काळात चालूच होतं आणि २०२२ अखेर संपलं. पहिला टप्पा, आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. कारशेड अडकलेलं असताना एखाद्या बोगद्याला महिनाभर जास्त लागला, तर त्या महिन्याने उद्घाटनाची तारीख हलत नव्हती. तो बोगद्याचा फ्लोट. परीक्षेत मात्र लिहा की क्रिटिकल पाथ कायमचा ठरलेला नसतो. कारशेडचा प्रश्न सुटल्यावर दुसरंच एखादं काम क्रिटिकल होतं.

प्रश्न : शहरात टॉवरचा मजला सात-आठ दिवसांत वर जातो. माझ्या घराला तीच पद्धत वापरली तर? (एक वाचक, कराड)

उत्तर : ते अॅल्युमिनियमचे साचे. भिंती आणि स्लॅब एकदम ओततात आणि स्लॅबचे पत्रे दोन-तीन दिवसांत काढतात. टेकू मात्र काढत नाहीत. साच्याची रचनाच अशी असते की पत्रा निघतो आणि टेकू जागच्या जागी उभा राहतो, शिवाय खालच्या मजल्यांवरही टेकू ठेवलेले असतात. म्हणजे काँक्रीटला तिथेही तेवढेच दिवस मिळतात, फक्त पत्रे रिकामे होऊन वर जातात. साचे त्या इमारतीच्या मापाने बनवून घ्यावे लागतात आणि तो खर्च अनेक मजले एकसारखे असतील तरच निघतो. दोन मजल्यांच्या घराला परवडायचं नाही. वेळच वाचवायचा असेल तर ठेकेदाराला प्लेटांचे दोन संच आणायला सांगा आणि त्यांचं भाडं करारात वेगळं लिहा.